कथा साताऱ्याची, डोळा चित्रकाराचा

चित्रपटाचा विषय निघाला म्हणजे सामान्य प्रेक्षक प्रथम नटाचें नांव घेतो, मग गाण्याचें, आणि गोष्ट आवडली असेल तर ती थोडक्यांत सांगून मोकळा होतो. ती गोष्ट त्याच्या डोळ्यांपुढें ज्यानें उभी केली, कोणती वस्तु उजेडांत ठेवावयाची व कोणती अंधारांत, मनुष्य जवळून दाखवावयाचा कीं दुरून, हें ज्यानें ठरविलें, त्या दिग्दर्शकाचें नांव बहुधा त्याच्या ओठांवर येत नाहीं. यांत प्रेक्षकाचा फारसा दोष नाहीं. मराठी माणसाचा कान कीर्तनानें, पोवाड्यानें आणि नाट्यसंगीतानें पिढ्यान् पिढ्या तयार झालेला आहे. डोळ्याला तसें शिक्षण क्वचितच लाभलें. जें लाभलें तें देणारांमध्यें कोल्हापूरच्या कांहीं चित्रकारांचा वाटा फार मोठा आहे. आणि या चित्रकारांनीं व त्यांच्या शिष्यांनीं पडद्यावर आणलेल्या ज्या कथा आजहि आठवाव्यात, त्यांपैकीं कित्येक कोल्हापूरच्या नव्हेत, तर सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या आहेत.

हे दोन जिल्हे आज निराळे दिसतात. परंतु १९४९ सालीं संस्थानें विलीन झाल्यावर जेव्हां नवा जिल्हा करण्यांत आला, तेव्हां त्याचें नांव दक्षिण सातारा असेंच होतें. सांगली हें नांव त्याला १९६० सालीं मिळालें. तेव्हां कृष्णेच्या कांठच्या या मुलखाचा विचार एकत्र केला तर त्यांत कांहीं ओढाताण होत नाहीं.

आरंभ सांगलीपासूनच करणें योग्य. १८४३ सालीं चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानें विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलें, हें शाळेंतील मुलासहि ठाऊक असतें. त्या नाटकांत कथा सांगण्याचा सगळा भार सूत्रधाराच्या गाण्यावर असे. पात्रें त्या गाण्याला अनुसरून हालचाल करीत व वेळप्रसंगीं भाषण करीत. म्हणजे नाटक मुख्यतः ऐकावयाचेंच होतें. विष्णुदास स्वतः लांकडी बाहुल्या घडविण्यांत निष्णात होते, त्यांची दृष्टि कारागिराची होती, तरीहि त्यांच्या रंगभूमीवर देखाव्याला गौण स्थान होतें. पुढें नाटक मंडळ्यांची भरभराट झाली, तेव्हां रंगविलेले पडदे आले. राजवाडा, अरण्य, रस्ता, नदीतीर, असे चारपांच पडदे असले कीं कोणत्याहि नाटकाचें काम भागे. हे पडदे रंगविणारांत कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबुराव मेस्त्री यांचें नांव मोठें होतें. लोक त्यांना पेंटरच म्हणूं लागले, आणि अखेर तेंच त्यांचें आडनांव होऊन बसलें.

पडदा रंगविणें हें काम वाटतें तितकें सोपें नसतें. समोर ताणलेलें कापड सपाट. त्यावर कोसभर लांबीचा रस्ता भासवावयाचा, आणि तोहि शेवटच्या रांगेंतील प्रेक्षकाला. प्रकाश कोणत्या बाजूनें पडतो, सावली किती लांब जाते, दूरची वस्तु कितपत पुसट करावी, हें हाताला सवयीनें कळावें लागतें. फाळके यांचा १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ पाहिल्यावर या दोघां बंधूंना चित्रपटाचा ध्यास लागला. विलायती कॅमेरा विकत घेणें शक्य नव्हतें, म्हणून तो घरींच बनविण्याचा त्यांनीं निश्चय केला. १९१६ सालीं आनंदराव वारले. बाबुरावांनीं विष्णुपंत दामले यांच्या साहाय्यानें तें यंत्र पुरें केलें, महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापिली, आणि १९२० सालीं त्यांचा ‘सैरंध्री’ हा मूकपट लोकांपुढें आला. लोकमान्य टिळकांनीं त्यांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली ती याच चित्रपटानंतर. विषय कीचकवधाचा. त्याच कथेवर सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनीं लिहिलेलें नाटक सरकारनें १९१० सालीं बंद केलें होतें. बाबुरावांच्या चित्रपटांतील वधाचें दृश्यहि इतकें हुबेहूब उतरलें कीं सरकारनें तो भाग कापावयास लावला. खाडिलकरांच्या शब्दांची धास्ती सरकारला होतीच. आतां मुक्या चित्राचीहि वाटूं लागली.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. ज्या मनुष्यानें पडदे रंगवून नांव मिळविलें, त्यानेंच कॅमेरा हातीं येतांच रंगविलेला पडदा टाकून दिला. खरीं दालनें, खरे खांब, खऱ्या पायऱ्या उभारून त्यांत पात्रें वावरूं दिलीं. कपड्यावर काढलेल्या सावलीपेक्षां खांबाची खरी सावली बोलकी असते, हें चित्रकाराला सांगावें लागत नाहीं. चित्रीकरणापूर्वीं प्रसंगाचीं रेखाचित्रें बाबुराव स्वतः काढीत. पात्राचा पोशाख, त्याचें उभें राहणें, हाताची ठेवण, सर्व कागदावर आधीं ठरे. १९२३ सालच्या ‘सिंहगड’ चित्रपटांत त्यांनीं कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. सूर्याच्या उजेडावर चालणारा तोंवरचा धंदा. त्याला रात्र दाखवितांच येत नव्हती. तानाजीचा पराक्रम रात्रीचा, आणि तो भर दुपारीं कड्यावर चढतांना दाखविला असता तर हंसूंच आलें असतें.

‘सिंहगड’ची कथा हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीवरून घेतलेली होती. यानंतरच्या ज्या चित्रपटाकडे आतां वळावयाचें, त्याचे लेखक नारायण हरि आपटे. नांवांची ही उलटापालट पुष्कळांना फसविते, आणि छापील पुस्तकांतहि एकाचें श्रेय दुसऱ्याला गेलेलें आढळतें. नारायण हरि यांचा जन्म १८८९ सालीं सांगलीजवळच्या समडोळी गांवीं झाला, व त्यांचें वास्तव्य सातारा जिल्ह्यांतील कोरेगांव येथें होतें. कोरेगांवसारख्या ठिकाणीं बसून त्यांनीं लिहिलेल्या कथांवरून निदान तीन असे चित्रपट निघाले, कीं ज्यांच्यावांचून मराठी चित्रपटाचा इतिहास लिहितां येणार नाहीं. त्यांतला पहिला १९२५ सालचा ‘सावकारी पाश’.

सावकाराच्या जाचाची कथा साताऱ्याकडच्या माणसाला नवी नव्हती. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीं सावकारांचे दस्तऐवज जाळले. त्यानंतर १८७९ सालीं जो दक्षिणी शेतकऱ्यांचा कायदा झाला, तो आरंभीं ज्या चार जिल्ह्यांना लागू केला त्यांत पुणें, नगर व सोलापूर यांच्याबरोबर साताराहि होता. कायदा झाला म्हणून पाश सुटला असें मात्र झालें नाहीं. आपट्यांच्या कथेंतला तरुण शेतकरी सावकाराच्या लबाडीनें जमीन गमावतो व पोटासाठीं शहरांत गिरणीवर जातो. ही भूमिका शांताराम वणकुद्रे या तरुणानें केली. कोल्हापूरच्या कंपनींत पडेल तें काम करीत तो शिकत होता. देव, राजे व असुर यांच्या त्या काळांत एका कर्जबाजारी कुणब्याला नायक करणें हें धाडसच होतें. पण खरें धाडस दाखविण्याच्या रीतींत होतें. ज्यांनीं तो मूकपट पाहिला त्यांच्या आठवणींत एक दृश्य राहून गेलें: मंद उजेडांत बुडालेली एक उदास झोंपडी, आणि वर तोंड करून रडणारें कुत्रें. मूकपट असल्यानें त्या रडण्याचा आवाज कोणी ऐकला नाहीं. तरीहि पाहणाराला तो ऐकूं आल्यासारखा वाटला, यांतच बाबुरावांचें कौशल्य. लेखकाला दारिद्र्य सांगण्यास पान खर्चावें लागतें. चित्रकारानें झोंपडीवरचा उजेड कमी केला आणि काम झालें.

या मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाहीं. बाबुरावांनीं १९३६ सालीं त्याच कथेवर पुन्हां बोलपट काढला, पण पहिल्याचें तेज दुसऱ्याला आलें असें जाणकार म्हणत नाहींत. मराठी दृश्यकलेंतलें एक आद्य उदाहरण अशा रीतीनें केवळ ऐकीव आठवणींवर जगावें, ही खेदाची गोष्ट आहे. देवळांतील भंगलेल्या मूर्तीचे तुकडे तरी जमिनींत सांपडतात. फिल्म मात्र जळते किंवा कुजते, आणि तिचा मागमूसहि उरत नाहीं.

बाबुरावांच्या हाताखालीं तयार झालेले दामले, फत्तेलाल, धायबर व शांताराम हे १९२९ सालीं बाहेर पडले, आणि सीतारामपंत कुलकर्णी यांना बरोबर घेऊन त्यांनीं कोल्हापुरांत प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ सालीं ती पुण्यास गेली. त्याच वर्षीं शांताराम रंगीत फिल्मच्या कामासाठीं जर्मनीस गेले होते. तेथून परततांना त्यांनीं दूरची वस्तु अगदीं जवळ आणणारें एक भिंग आणलें. १९३४ सालचा ‘अमृतमंथन’ हा आपट्यांच्या ‘भाग्यश्री’ या कादंबरीवरचा चित्रपट. त्याच्या हिंदी आवृत्तींत नरबळीचा आग्रह धरणारा राजगुरु चंद्रमोहन यांनीं केला. या राजगुरूचा नुसता एक डोळा त्या भिंगानें सबंध पडद्यावर आणला. वीस फूट रुंदीच्या पडद्यावर एकच बुबुळ, आणि समोर अंधारांत बसलेला समाज! धर्माच्या नांवाखालीं चालणारी निष्ठुर सत्ता कशी असते हें सांगण्यास लेखकाला मोठें भाषण घालावें लागलें असतें. परदेशांतून भिंग आणणारे पुष्कळ असतात. तें कशावर रोखावयाचें हें ठरविण्यास मात्र स्वतःचा डोळा लागतो.

तथापि शांताराम यांच्या दृष्टीचा खरा कस ‘कुंकू’ या १९३७ सालच्या चित्रपटांत लागला. आपट्यांची ‘न पटणारी गोष्ट’ ही त्याची मूळ कादंबरी. नीरा या तरुण मुलीचा फसवणुकीनें एका वृद्ध विधुर वकिलाशीं विवाह लावण्यांत येतो, व ती त्याला पति म्हणून मानण्याचें साफ नाकारते. प्रश्न जरठ-बाला विवाहाचा. ‘शारदा’ नाटकापासून मराठी प्रेक्षकाला तो परिचित होता, आणि ‘शारदा’चे कर्ते गोविंद बल्लाळ देवल हेहि सांगलीजवळच्या हरिपूरचेच. पण देवलांनीं जें पदांनीं व संवादांनीं साधलें तें शांताराम यांनीं घरांतल्या वस्तूंकडून करवून घेतलें. काकासाहेबांच्या दिवाणखान्यांत एक जुनें घड्याळ आहे. त्याचा लंबक हलतो, आणि पाहतां पाहतां प्रेक्षकाला त्या घड्याळांत व त्याच्या मालकांत फरक वाटेनासा होतो. काकासाहेब आरशापुढें उभे राहून वय लपविण्याचा खटाटोप करतात. आरसा फुटतो, आणि त्याच्या प्रत्येक तुकड्यांतून त्यांचेंच तोंड त्यांना हंसूं लागतें. केशवराव दाते हे थोर नट होते. परंतु त्या क्षणीं त्यांना कांहीं बोलावयाचेंच नव्हतें. शिवाय या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाहीं. घरांत जे आवाज स्वाभाविकपणें होतात तेवढेच त्यांत ऐकूं येतात. गाण्यावर जीव टाकणाऱ्या प्रेक्षकांपुढें, शांता आपटे यांच्यासारखी गायिका नायिका असतां, वाद्यांची ही सोबत काढून घेणें हा निर्णय साधा नव्हे. त्याचा परिणाम असा झाला कीं कानाला आधार उरला नाहीं आणि डोळा जागा राहिला.

काकासाहेबांना दिग्दर्शकानें राक्षस केलें नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. फुटक्या आरशापुढचा तो म्हातारा हास्यास्पद आहे तसाच दयनीयहि आहे. नीरेच्या बाजूनें उभा राहिलेला प्रेक्षक त्या प्रसंगीं क्षणभर त्याच्याहि बाजूनें पाहतो. कॅमेरा दोघांना सारखाच न्याय देतो. आणि वकिलाच्या घरांत न्याय प्रथम आला तो असा आला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

प्रभातच्या पुढील कथांपैकीं दोन थेट साताऱ्याच्या. १९४१ सालचा ‘संत सखू’ हा कराडच्या सखूचा. दामले, फत्तेलाल व राजा नेने यांनीं दिग्दर्शित केलेला, हंसा वाडकर यांचा अभिनय असलेला. १९४४ सालचा ‘रामशास्त्री’ हा माहुलीच्या प्रभुण्यांचा, गजानन जागीरदार यांच्या भूमिकेनें गाजलेला. सखूच्या जागीं विठ्ठल सखू होऊन राबतो, हा चमत्कार दामले-फत्तेलाल यांच्या हातीं सुरक्षित होता. कारण ‘संत तुकाराम’मध्यें त्यांनीं चमत्काराला साधेपणानें दाखविण्याची रीत बसविली होती, आणि १९३७ सालीं व्हेनिस येथें त्या चित्रपटाची गणना जगांतील तीन उत्तम चित्रपटांत झाली होती. ‘रामशास्त्री’ मात्र मुख्यतः वाणीचा चित्रपट आहे. राघोबादादाला देहान्त प्रायश्चित्त सांगणाऱ्या न्यायाधीशाची थोरवी त्याच्या शब्दांतच असावयाची.

शांताराम १९४२ सालीं प्रभातमधून निघाले व त्यांनीं मुंबईस राजकमल कलामंदिर स्थापिलें. त्यानंतर पंधरा वर्षांनीं त्यांनीं जी कथा घेतली ती औंध संस्थानांतील होती.

औंध हें गांव सातारा जिल्ह्यांत, खटाव तालुक्यांत. परंतु संस्थानाचे तुकडे दूरवर विखुरलेले असत, आणि आज सांगली जिल्ह्यांत असलेली आटपाडी त्यांतच होती. राजे भवानराव पंतप्रतिनिधि हे स्वतः चित्रकार. रामायणाचीं चित्रें त्यांनीं काढलीं, आणि औंधच्या टेकडीवर १९३८ सालीं उघडलेल्या संग्रहालयांत देशोदेशींचीं चित्रें व शिल्पें जमविलीं. याच राजानें, चिरंजीव अप्पासाहेब पंत व मॉरिस फ्रीडमन नांवाचे पोलंडचे एक इंजिनियर यांच्या आग्रहावरून आणि गांधीजींच्या सल्ल्यानें, १९३९ च्या जानेवारींत आपली सत्ता प्रजेच्या स्वाधीन केली. त्याच वर्षीं आटपाडीजवळच्या माळावर स्वतंत्रपूर नांवाची वसाहत झाली. खुनासारख्या गुन्ह्यांसाठीं शिक्षा झालेले कैदी तेथें नेऊन ठेवावयाचे, त्यांना कुटुंबासह राहूं द्यावयाचें, जमीन कसूं द्यावयाची, आणि सभोंवतीं भिंत घालावयाची नाहीं, अशी ती कल्पना. फ्रीडमन यांनीं ती पुढें मांडली व राजानें मान्य केली. वर्षांनुवर्षें पाऊस हुलकावणी देणारा तो प्रदेश. तेथें कैद्यानें पळून न जातां विहीर खणीत बसावें, ही कल्पना शहाण्या लोकांना वेडगळ वाटली असल्यास नवल नाहीं.

गजानन दिगंबर माडगूळकर यांचा जन्म याच आटपाडीच्या परिसरांत, शेटफळें येथें, १९१९ सालीं झाला, आणि औंधच्या शाळेंत ते कांहीं काळ शिकले. स्वतंत्रपूरचा प्रयोग त्यांच्या घरच्या अंगणांतला. त्यावरून त्यांनीं रचलेली कथा ‘दो आंखें बारह हाथ’ या नांवानें १९५७ सालीं पडद्यावर आली. सहा खुनी कैदी, म्हणजे बारा हात. आणि त्यांना उघड्या माळावर घेऊन जाणारा आदिनाथ हा अधिकारी, म्हणजे दोन डोळे. चित्रपटाचें नांवच मुळीं चित्र आहे. हिंदींत निघालेल्या या चित्रपटाचा पिंड माणदेशचा आहे हें ओसाड जमिनीकडे पाहिलें कीं कळतें.

१९५५ सालीं ‘झनक झनक पायल बाजे’ या टेक्निकलर चित्रपटानें शांताराम यांनीं रंगांची उधळण करून दाखविली होती व अमाप लोकप्रियता मिळविली होती. तरी पुढचा चित्रपट त्यांनीं काळ्यापांढऱ्यांत काढला. धंद्याच्या दृष्टीनें हें मागें जाणें होतें. पण मोकळें आकाश, भेगाळलेली जमीन आणि त्यांच्या मधोमध उभीं असलेलीं सात माणसें, यांना रंगाची गरज नव्हती. बाबुरावांच्या झोंपडींत जो अंधार होता त्याचीच ही उलट बाजू होय. तेथें उजेड कमी करून दुःख दाखविलें, येथें उजेडाला आडोसाच ठेवला नाहीं. तुरुंगाची भिंत नाहीं हें सांगण्याचा याहून सरळ मार्ग नसेल.

भिंतीच्या ऐवजीं तेथें काय आहे? डोळे. ‘अमृतमंथन’मधील राजगुरूचा डोळा ज्यांनीं पाहिला असेल त्यांना हा फरक विशेष जाणवेल. एकाच दिग्दर्शकानें तेवीस वर्षांच्या अंतरानें डोळा हीच खूण दोनदां वापरली. पहिल्यानें धाक उत्पन्न केला, दुसऱ्यानें विश्वास. कैद्यांना पळून जाण्याची वाट मोकळी असते, पण आदिनाथची नजर त्यांना सोडीत नाहीं, आणि ती बाहेरून रोखलेली नसून त्यांच्या मनांतच बसलेली असते. मनांतली गोष्ट पडद्यावर दाखविणें हें चित्रकलेचें सर्वांत अवघड काम; येथें तें साधलें आहे. या चित्रपटाला राष्ट्रपतींचें सुवर्णपदक मिळालें, आणि १९५८ सालीं बर्लिनच्या महोत्सवांत रौप्य अस्वलाचा मान मिळाला.

तथापि इतिहासाच्या बाजूनें एक आक्षेप नोंदविणें अवश्य आहे. औंधचा प्रयोग एका माणसाच्या नजरेवर उभा नव्हता. त्यामागें राजाची संमति होती, नवी राज्यघटना होती, परदेशांतून येऊन खादी नेसलेल्या एका इंजिनियराची चिकाटी होती. आणि कैद्याला बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे त्याची बायकोमुलें व त्यानें कसलेली जमीन ही होती. चित्रपटानें हें सर्व आटवून एका आदिनाथाच्या डोळ्यांत आणलें आणि शेवटीं बैलांशीं झुंजून त्याला मरण दिलें. घटनेचा मसुदा कॅमेऱ्यापुढें धरतां येत नाहीं हें खरें. पण त्यामुळें असें झालें कीं ज्या लाखो लोकांनीं हा चित्रपट पाहिला, त्यांतल्या फार थोड्यांना औंधचें नांव ठाऊक आहे. दुसऱ्या बाजूनें पाहिलें तर, हा चित्रपट नसता तर स्वतंत्रपूर हें आटपाडी तालुक्याबाहेर किती जणांना ठाऊक झालें असतें, हाहि प्रश्न आहे. आपट्यांच्या कादंबऱ्या आज वाचनालयांत धूळ खात पडल्या आहेत. त्यांतला फुटका आरसा मात्र लोक अजून पाहतात.

बैलाशीं झुंजण्याच्या त्या प्रसंगाच्या चित्रीकरणांत शांताराम यांच्या डोळ्यांना इजा झाली. डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना अंधारांत पडून राहावें लागलें, आणि दृष्टि परत येते कीं नाहीं याची शंका होती. ती परत आली. आणि १९५९ सालीं त्यांनीं ‘नवरंग’ काढला, तो पुन्हां भरगच्च रंगांचा. मिटलेल्या डोळ्यांपुढें रंग दिसत होते, असें त्या चित्रपटाच्या आरंभीं त्यांनीं स्वतःच पडद्यावर येऊन सांगितलें आहे.

औंध संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. स्वतंत्रपूर मात्र मोडलें नाहीं. आटपाडीजवळ तें अद्याप आहे, आणि राज्याच्या तुरुंग खात्याकडे त्याची व्यवस्था आहे. तेथें कैदी बायकामुलांसह राहून शेती करतात. पाहावयास जाणाराला तेथें वेगळें असें कांहीं दिसत नाहीं. घरें आहेत, शेत आहे, आणि भिंत नाहीं.